तिकीट स्कॅनर ऐन गर्दीत वायफाय सोडतात. उद्या संध्याकाळपर्यंत काय करता येईल?

रसिक_सांगली | शुक्रवार, रात्री ११:४२

मंडळी, तातडीची मदत हवी आहे.

आमच्या मंडळाचा तीन दिवसांचा संगीत महोत्सव आज सुरू झाला. शाळेच्या मैदानावर मांडव, खुर्च्या आणि भारतीय बैठक मिळून अडीच हजारांच्या आसपास श्रोते. तिकिटं आणि तीन दिवसांचे पास यंदा प्रथमच क्यूआर कोडवर आहेत. तीन गेट, प्रत्येक गेटवर हातात धरायचे दोन अँड्रॉइड स्कॅनर, भाड्याने घेतलेले. तिकिटांची सगळी यादी शाळेच्या ऑफिसात ठेवलेल्या एका लॅपटॉपवर आहे आणि स्कॅनर वायफायवरून त्या लॅपटॉपला विचारतात. प्रत्येक गेटपाशी एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी पेटी), त्याला ऑफिसातून केबल, वीजही त्याच केबलमधून.

सकाळी मोकळ्या मैदानावर सगळं झकास चाललं. साडेपाचला गर्दी झाली आणि घोळ सुरू. तिकिटावर स्कॅनर धरला की बीप होतो, पण हिरवं येत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. स्वयंसेवकाने परत स्कॅन केलं की लाल: ‘तिकीट आधी वापरलेले’. एका आजोबांना तर दोन वेळा बाजूला उभं केलं गेलं, तिकीट त्यांनी नातवाकडून रीतसर ऑनलाइन काढलेलं. आत तानपुरे जुळत होते आणि बाहेर रांग रस्त्यापर्यंत. शेवटी नुसती तिकिटं बघून लोकांना आत सोडलं.

स्कॅनर देणारे म्हणतात ‘तुमचं नेट स्लो आहे, प्लॅन वाढवा’. उद्या पाच वाजता गेट उघडायचंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

तारवाला | शुक्रवार, रात्री ११:५८

प्लॅन वाढवू नका, पैसे वाया जातील. यादी तुमच्याच ऑफिसातल्या लॅपटॉपवर आहे, म्हणजे स्कॅनचा इंटरनेटशी संबंधच नाही. आणि एका स्कॅनमागे जाणारा-येणारा डेटा तसाही अगदी किरकोळ असतो. वेग लागत नाही, उत्तर दर वेळी लगेच यावं लागतं.

बीप होतोय म्हणजे कोड वाचला गेला. स्कॅनरचा डोळा, लोकांच्या मोबाईलचा ब्राइटनेस, चिरलेली काच हे सगळे संशय इथेच संपले. अडलंय ते बीप आणि हिरव्याच्या मध्ये. एवढं सांगा:

चक्र फिरत असताना स्कॅनरवरचं वायफायचं चिन्ह पूर्ण दिसतं की गायब होतं? तिन्ही गेटवर एकसारखंच होतं का? हे वायफाय आणखी कोण वापरतंय? अ‍ॅक्सेस पॉइंट नेमके कुठे, किती उंचीवर लावलेत?

---

रसिक_सांगली | शनिवार, रात्री १२:१५

गेटवरच्या मुलांना फोन करून विचारलं.

गेट १ (मुख्य): चिन्ह पूर्ण दिसतं, तरी चक्र फिरतं. कधी चार-पाच सेकंदांनी हिरवं येतं, कधी येतच नाही.

गेट २ (मैदानाच्या पलीकडच्या टोकाला): चिन्हच जातं. दोन-तीन मिनिटं दोन्ही स्कॅनर बंद, मग आपोआप सुरळीत, थोड्या वेळाने परत तेच.

गेट ३ (कलाकार आणि निमंत्रित): काही त्रास नाही.

अ‍ॅक्सेस पॉइंट गेटमागच्या टेबलांवर आहेत. वायफाय एकच, त्याचा पासवर्ड स्वयंसेवकांना दिला होता, नंतर तो आणखी कुणाकुणाकडे गेला ते सांगता येणार नाही.

---

तारवाला | शनिवार, रात्री १२:४०

मग हे दोन वेगळे आजार आहेत. एकच औषध दोघांना लागू पडणार नाही.

गेट २ आधी घेतो. दोन्ही स्कॅनर एकाच क्षणी जातात आणि दोन-तीन मिनिटांनी एकत्रच परत येतात, म्हणजे स्कॅनर निर्दोष आहेत. तुमचा अ‍ॅक्सेस पॉइंट बंद पडून पुन्हा चालू होतोय, सुरू व्हायला त्याला तेवढाच वेळ लागतो. लॉगिन करून तो किती वेळापासून चालू आहे ते बघा. संध्याकाळी आठला ‘अपटाइम’ दहा मिनिटं दिसला तर संशयच उरला नाही. कारण बहुधा विजेत आहे: केबल फार लांब, हलक्या प्रतीची, किंवा मध्ये जोड दिलेला. या केबलची मर्यादा १०० मीटर, तीही चांगल्या तांब्याच्या तारेची.

गेट १. चिन्ह पूर्ण आहे याचा अर्थ फक्त एवढाच की स्कॅनरला अ‍ॅक्सेस पॉइंट ऐकू येतोय. स्कॅनर अ‍ॅक्सेस पॉइंटला ऐकू येतोय की नाही, ते त्या चिन्हावरून कळत नाही. स्कॅनरची रेडिओ ताकद कमी असते आणि तुमचा अ‍ॅक्सेस पॉइंट टेबलावर, म्हणजे लोकांच्या कमरेच्या पातळीला. माणसाचं शरीर बरंचसं पाणीच, ते या लहरी शोषून घेतं. सकाळी मैदान मोकळं होतं, संध्याकाळी मध्ये माणसांची भिंत उभी राहिली.

त्यात प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल ओळखीचं वायफाय शोधत सतत हाका मारत असतो. या हाका आणि त्यांची उत्तरं सगळ्यात संथ वेगाने जातात, त्यामुळे हवेतला वेळ भरपूर खातात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (हवेतल्या वेगवेगळ्या वाटा) तीनच, १, ६ आणि ११. अडीच हजार माणसांच्या गर्दीत ते तिन्ही भरून जातात.

उद्या सकाळी करायचं ते असं.

अ‍ॅक्सेस पॉइंट बांबूला किंवा मांडवाच्या खांबाला दहा-बारा फुटांवर बांधा, तोंड खाली. याने सगळ्यात जास्त फरक पडेल आणि खर्च शून्य.

स्कॅनरसाठी वेगळं वायफाय, नवं नाव, नवा पासवर्ड, फक्त ५ गिगाहर्ट्झवर. स्कॅनर तो पट्टा पकडतात ना, आधी तपासा. रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनेल हाताने ठरवून द्या: गेट १ ला ३६, गेट २ ला ४४, गेट ३ ला १४९. ‘ऑटो’ ठेवू नका. ५२ ते १४४ मधले चॅनेल टाळा, तिथे रडारची चाहूल लागली की अ‍ॅक्सेस पॉइंटला जागा सोडावी लागते आणि नव्या जागी आधी किमान मिनिटभर गप्प बसून ऐकावं लागतं.

ताकद ‘हाय’ असेल तर ‘मीडियम’ करा. अ‍ॅक्सेस पॉइंटने कितीही ओरडून बोललं तरी त्याला स्कॅनरचं ऐकू येत नसेल तर उपयोग नाही. शिवाय आवाज मोठा असला की गेट २ चा स्कॅनर उगाच गेट १ ला चिकटून राहतो.

स्वयंसेवकांचं जुनं वायफाय गेटवरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटवरून काढूनच टाका.

---

अनघा_के | शनिवार, सकाळी ६:५०

तारवाला यांना अनुमोदन. पण ते खोट्या लालचं राहिलं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. रांग लांबली तर लोक समजून घेतात. पैसे भरून आलेल्या माणसाला चारचौघांत ‘तिकीट वापरलेलं आहे’ म्हणणं फार लागतं.

होतंय ते असं. पहिला स्कॅन लॅपटॉपपर्यंत पोचला, तिकीट ‘आत गेले’ म्हणून नोंदलं गेलं, पण परतीचं उत्तर हवेत हरवलं. स्वयंसेवकाने पुन्हा स्कॅन केलं, लॅपटॉपच्या दृष्टीने ते दुसरं आगमन, म्हणून लाल. नेटवर्क कितीही सुधारलं तरी अशी उत्तरं अधूनमधून हरवणारच. ही दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये व्हायला हवी: त्याच स्कॅनरवरून तेच तिकीट मिनिटभरात परत आलं तर पहिलंच उत्तर, म्हणजे हिरवं, पुन्हा दाखवायचं. स्कॅनर देणाऱ्यांना आजच फोन करून हे सांगा. कदाचित सेटिंगमध्ये आधीच असेल.

ते नाही म्हणाले तर मुलांना सांगून ठेवा: लाल आलं की आधीच्या प्रवेशाची वेळ आणि गेट बघा. वेळ आत्ताचीच आणि गेट आपलंच असेल तर हात जोडून आत सोडा. आधीची वेळ पाच-दहा मिनिटांपूर्वीची किंवा गेट दुसरं असेल तरच चौकशी.

---

सह्यभ्रमर | शनिवार, सकाळी ७:२०

एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक स्कॅनरमध्ये सिम टाका, मोबाईल डेटावर चालवा. वायफायची कटकटच नको.

---

तारवाला | शनिवार, सकाळी ७:३५

@सह्यभ्रमर, छोट्या कार्यक्रमाला चालेल. इथे नाही. साडेपाचला तेच अडीच हजार लोक त्याच टॉवरवर असतात, फोटो पाठवतात, ‘कुठे आहेस’ म्हणून फोन करतात. टॉवरची गर्दी तुमच्या हातात नाही, स्वतःचा अ‍ॅक्सेस पॉइंट निदान हातात आहे. शिवाय यादी स्थानिक लॅपटॉपवर आहे, सिमवरून तिथपर्यंत पोचायला आणखी वेगळी व्यवस्था लागेल. एखाद्या गेटला दुसऱ्या कंपनीचं सिम राखीव म्हणून ठेवायला हरकत नाही.

---

गेटवरची_मीरा | शनिवार, सकाळी ८:०५

मी तंत्रज्ञ नाही, पण नाट्यमहोत्सवांना गेटवर उभी राहते, म्हणून लिहिते.

स्कॅनर कमरेच्या पट्ट्यात अडकवून ठेवला की स्क्रीन झोपते, पुढचं तिकीट आलं की जागी होते आणि वायफाय परत जोडायला वेळ घेते. स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवून घ्या आणि तिकिटाच्या अ‍ॅपला बॅटरी बचतीतून वगळा. बॅटरी अर्थातच जास्त खाते, म्हणून सात वाजता बदलायला जादा बॅटऱ्या किंवा पॉवर बँक गेटवरच ठेवा, ऑफिसात नको.

आणि प्रत्येक रांगेत दहा माणसं मागे एक स्वयंसेवक नुसता सांगायला उभा करा: ‘तिकीट उघडून ठेवा, ब्राइटनेस वाढवा’. गेटवर येऊन व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तिकीट शोधायला लागलेला माणूस जेवढा वेळ घेतो तेवढा कुठलाही स्कॅनर घेत नाही. ज्येष्ठांची रांग वेगळी ठेवा, त्यांच्या मोबाईलमध्ये तिकीट शोधून द्यायला कुणीतरी हवंच.

---

पडद्यामागून | शनिवार, सकाळी ९:१०

मी ध्वनी आणि प्रकाश बघतो, अशा मैदानांवर बराच वावर आहे. दोन गोष्टी नक्की विचारा.

एक, चित्रीकरणवाले. कॅमेऱ्यापासून स्क्रीनपर्यंत बिनतारी व्हिडिओ पाठवणारी यंत्रं बऱ्याचदा ५ गिगाहर्ट्झवरच चालतात आणि रुंद चॅनेल घेऊन अखंड बोलत राहतात. तुम्ही १४९ ठरवला आणि ते तिथेच बसले असतील तर गेट ३ चं वाटोळं. त्यांच्या यंत्रावर चॅनेल दिसतो, तो विचारून घ्या आणि वाटून घ्या. चांगली माणसं असतात, कुणी विचारतच नाही एवढंच.

दोन, जनरेटर. दिवे मेन्सवरून जनरेटरवर घेताना क्षणभर वीज जाते. मिक्सरला यूपीएस असतो, गेटच्या नेटवर्कला कुणी लावत नाही. ऑफिसातला राउटर, स्विच (गेटच्या केबली जिथे जोडल्यात ती पेटी) आणि लॅपटॉप साध्या कॉम्प्युटर यूपीएसवर घ्या. बाजारात राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो या स्विचला चालणार नाही. केबलमधून वीज देणाऱ्या स्विचला ४८ व्होल्टच्या आसपास लागतात.

---

मेलबर्नकर | शनिवार, सकाळी ९:४०

आमच्या इथल्या मंडळाच्या गणपतीला शाळेचा हॉल भाड्याने घेतो. शाळेच्या वायफायवर स्कॅनर जोडले जायचे, इंटरनेट चालायचं, पण लॅपटॉप सापडायचा नाही. कारण पाहुण्यांच्या वायफायवर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, ‘क्लायंट आयसोलेशन’ असतं. तुम्ही नवं वायफाय बनवताना ‘गेस्ट’वर टिक करू नका, नाहीतर हेच होईल.

दुसरं, इंटरनेट नसलेलं वायफाय अँड्रॉइडला आवडत नाही. ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ म्हणून ते दुसरीकडे उडी मारू बघतं. तशी सूचना आली की ‘तरीही जोडलेले राहा’ निवडा, बाकीची साठवलेली वायफाय विसरायला लावा आणि सिम असेल तर मोबाईल डेटा बंद ठेवा.

---

रसिक_सांगली | शनिवार, दुपारी २:३०

सकाळपासून मैदानावरच आहोत. सगळ्यांचे मनापासून आभार.

गेट २ चा तपास लागला. केबल पावलांनी मोजली तर ८० मीटरच्या आसपास, म्हणजे मर्यादेत. पण आमच्यातल्या वायरमन काकांनी टोक कापून एक तार ब्लेडने खरवडली, तर वर तांब्याचा पातळ मुलामा आणि आत पांढरी तार. अ‍ॅल्युमिनियम! काका म्हणाले, नुसतं चालू करायला ही तार पुरते, पण माणसं जोडली गेली आणि यंत्र जास्त वीज ओढायला लागलं की दुसऱ्या टोकाला व्होल्टेज पडतं. म्हणूनच सकाळी चालायचं आणि संध्याकाळी नाही. आता पूर्ण तांब्याची केबल आणून टाकली आहे, वाहनांच्या वाटेवर ती पाइपातून घेतली.

तिन्ही अ‍ॅक्सेस पॉइंट खांबांवर चढले. नवं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर केलं. चित्रीकरणवाले खरोखरच १४९ च्या शेजारी होते, म्हणून आम्ही गेट ३ ला ४८ दिला. ते गेट टोकाला आहे, चालेल ना? ताकद मोजायचं अ‍ॅप टाकून स्कॅनर धरायच्या जागी बघितलं: गेट १ वर -५२, गेट २ वर -५८.

सॉफ्टवेअरवाल्यांनी आधी आढेवेढे घेतले, मग अनघाताईंचा मुद्दा शब्दशः वाचून दाखवल्यावर ‘दुबार स्कॅन कालावधी’ नावाचं सेटिंग सापडलं. शून्यावर होतं. साठ सेकंद केलं.

एक अडचण शिल्लक आहे. एक स्कॅनर नव्या वायफायला जोडला जातो, पण अ‍ॅप ‘सर्व्हरशी सुरक्षित संपर्क होऊ शकत नाही’ म्हणतं. बाकी पाच व्यवस्थित आहेत.

---

अनघा_के | शनिवार, दुपारी २:४१

त्याची तारीख बघा.

---

रसिक_सांगली | शनिवार, दुपारी २:५२

कित्येक वर्षं मागची तारीख! दुरुस्त केल्यावर चालू झाला. असं का होतं?

---

अनघा_के | शनिवार, दुपारी ३:०५

बॅटरी पूर्ण उतरली किंवा बराच वेळ काढून ठेवली की घड्याळ मूळ तारखेला जाऊ शकतं. सिम नाही, इंटरनेट नाही, मग बरोबर वेळ सांगणार कोण? सुरक्षित जोडणीत सर्व्हरचं प्रमाणपत्र कधीपासून कधीपर्यंत वैध आहे ते तपासलं जातं. स्कॅनर जुन्या तारखेत असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नसतं. गेट उघडण्याआधी सहाही स्कॅनरची तारीख-वेळ बघायची सवय ठेवा.

---

तारवाला | शनिवार, दुपारी ३:२०

-५२ आणि -५८ उत्तम. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. -६७ पर्यंत निर्धास्त राहा, -७५ च्या खाली गेलं की तुटातूट सुरू होते. गर्दी झाल्यावर आकडे थोडे घसरतील, तेवढी जागा तुमच्याकडे आहे. गेट ३ ला ४८ चालेल.

अजून एक. राउटरचे पत्ते (जोडलेल्या प्रत्येक यंत्राला तो देतो तो क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता) तपासा. अनेक राउटर शंभर-दोनशे पत्तेच वाटतात आणि एकदा दिलेला पत्ता दिवसभर धरून ठेवतात. काल पासवर्ड पसरला होता, म्हणजे कितीतरी मोबाईलनी पत्ते घेऊन ठेवले असतील. स्कॅनर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’वर अडकला तर हेच कारण. सहाही स्कॅनरना कायमचे पत्ते ठरवून द्या. मात्र अँड्रॉइड १० पासून प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता (यंत्राची ओळख सांगणारा क्रमांक) वापरला जातो. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये ‘डिव्हाइसचा मॅक वापरा’ केलंत तर नोंद टिकेल.

---

रसिक_सांगली | शनिवार, रात्री ११:५५

पाच वाजता गेट उघडलं. सहा वाजून पाच मिनिटांनी बाहेर रांग नव्हती.

गेट २ एकदाही बंद पडलं नाही. गेट १ वर बीप आणि हिरवं जवळजवळ एकत्रच येत होतं. मध्ये एकदा वीज जनरेटरवर गेली, यूपीएसमुळे स्कॅनरवर काही परिणाम झाला नाही. कालचे ते आजोबा आज ज्येष्ठांच्या रांगेतून आले, स्कॅनर हिरवा झाल्यावर त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मला भरून आलं.

एक प्रश्न उद्यासाठी. पासवाले मध्यंतरात चहाला बाहेर जातात आणि परत येतात. उद्या समारोप, जागा भरलेली. पास कुंपणावरून बाहेर दुसऱ्याला दिला जाण्याची भीती आहे.

---

अनघा_के | रविवार, सकाळी ७:१५

बाहेर जातानाही स्कॅन करा. मग लॅपटॉपला कळतं की हा पास आत आहे की बाहेर, आणि आत असलेला पास पुन्हा आत येऊ बघितला तर लाल येतं. यासाठी तिन्ही गेट एकाच यादीशी जोडलेली राहायला हवीत, आता ती आहेत.

पण जोडणी गेलीच तर काय, हेही आजच ठरवा. बहुतेक अ‍ॅपमध्ये ऑफलाइन पर्याय असतो: यादी स्कॅनरमध्येच उतरवून घ्यायची, नोंदी नंतर पाठवायच्या. एसटीच्या कंडक्टरचं मशीन घाटात रेंज नसतानाही तिकीट देतं, ते याच तत्त्वावर. फरक एवढाच की तिकीट फाडायला दुसऱ्या बसला विचारावं लागत नाही. तुमच्याकडे गेट १ वर वापरलेलं तिकीट ऑफलाइन गेट २ ला माहीत नसतं. म्हणून ऑफलाइन जायची वेळ आली तर तिकिटं गेटवार वाटून द्या: खुर्च्या गेट १, बैठक गेट २, आणि एका गेटवर एकच स्कॅनर चालवा. मग एक तिकीट दोन ठिकाणी चालणार नाही. पाटीचे फलक आत्ताच रंगवून ठेवा.

---

नाट्यवेडा_ठाणे | रविवार, सकाळी १०:३०

सुंदर धागा, वाचनखूण साठवली. बंदिस्त नाट्यगृहात हेच लागू आहे का? आमच्याकडे फक्त नाटकाच्या प्रयोगांना स्कॅनर अडखळतात, गाण्याच्या कार्यक्रमाला नाही. प्रेक्षक तेवढेच.

---

पडद्यामागून | रविवार, सकाळी ११:००

नटांचे माइक बघा. जुने व्यावसायिक कॉलर माइक वेगळ्या पट्ट्यात असतात, त्यांचा वायफायला त्रास नाही. पण अलीकडे हौशी संस्था वापरतात ते छोटे डिजिटल माइक बरेचदा २.४ गिगाहर्ट्झवर असतात. सात-आठ नटांचे माइक तिसऱ्या घंटेच्या आधी चाचणीसाठी चालू होतात, नेमकं तेव्हाच दारात तुमचं स्कॅनिंग ऐन भरात असतं. बिनतारी प्रकाशनियंत्रणही बहुधा याच पट्ट्यात. स्कॅनर ५ वर न्या आणि अ‍ॅक्सेस पॉइंट रंगमंचाकडे नको, प्रवेशद्वाराच्या आतल्या छताला लावा.

---

नाट्यवेडा_ठाणे | रविवार, सकाळी ११:२०

आमचे स्कॅनर जुने आहेत, फक्त २.४ वर चालतात.

---

तारवाला | रविवार, सकाळी ११:४५

मग माइकवाल्यांशी बोलून एक चॅनेल मोकळा मागून घ्या, रुंदी २० च ठेवा, आणि अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने वेग बंद करा, म्हणजे तुमच्या अ‍ॅक्सेस पॉइंटची स्वतःची घोषणा आणि उत्तरं तरी हवेत कमी वेळ घेतील. आधी एकाच स्कॅनरवर करून बघा, फार जुना असेल तर हे वेग बंद केल्यावर तो जोडलाच जाणार नाही. वायफायच्या पासवर्डची सुरक्षा पद्धत ‘डब्ल्यूपीए२’ वर ठेवा. जुनी यंत्रं नव्या ‘डब्ल्यूपीए३’ला अडतात.

---

रसिक_सांगली | रविवार, दुपारी १:१०

पाट्या रंगवून झाल्या. बाहेर जातानाच्या स्कॅनसाठी प्रत्येक गेटवरचा एक स्कॅनर मध्यंतरात ‘बाहेर’वर टाकणार. चार वाजता स्वयंसेवकांची बैठक आहे, त्यात अनघाताई आणि मीराताईंचे प्रतिसाद वाचून दाखवतो. सांगलीच्या जवळपास कुणी असाल तर संध्याकाळी या, गेट १ वर माझं नाव सांगा.